मुंबईत भाड्याची खोली का मिळत नाही? (आणि आपलं मत गावातच का?)

गिरणाथडी (भडगाव)

नमस्कार मंडळी.

मागे इथे एक धागा आला होता, ‘मुलाला मुंबईत नोकरी लागली, फ्लॅट बुक करावा का?’ प्रतिसादांचा पाऊस पडला. बदलापूर बरं की टिटवाळा, हप्ता किती बसेल, रेडी पझेशन घ्यावं की बांधकाम चालू असलेलं. एकानेही विचारलं नाही, की ज्या पोराची नोकरी वर्षभर टिकेल की नाही याची खात्री नाही, त्याने बापाची दोन एकर कपाशीची जमीन विकून फ्लॅट घ्यायचाच कशाला? चार-पाच वर्षं भाड्याने राहावं, शहर कळावं, मग बघावं.

उत्तर आपल्याला माहीत आहे. कामाच्या जवळ, पगारात बसेल अशी भाड्याची खोली मिळतच नाही. का मिळत नाही यावर हा धागा काढतोय. ‘माणसं जास्त, जागा कमी’ एवढंच उत्तर कृपया देऊ नका. २०११ च्या जनगणनेत मुंबईत जवळजवळ ४.८ लाख घरं रिकामी नोंदली गेली. त्याच जनगणनेत शहराची लोकसंख्या १.२४ कोटी, आणि त्यातले ४० टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत. एकीकडे कुलपं, दुसरीकडे पत्रे. याला निव्वळ टंचाई म्हणत नाहीत.

मुंबई मुळात भाडेकरूंचं शहर होतं. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने चाळी बांधल्या. त्या बीआयटी चाळी. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावर २०७ इमारती उभ्या केल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्या बीडीडी चाळी. शेठ-सावकारांनीही चाळी बांधल्या, त्या काही पुण्य लागावं म्हणून नाही. भाडं हा चांगला धंदा होता. माणूस बोरीबंदरला उतरला की गिरणीत कामाला आणि चाळीत भाडेकरू. मुंबईत मालकीचं घर असावं हे त्याच्या डोक्यातही नसायचं, घर त्याचं गावाला होतं.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. महायुद्धात भाडी भडकलेली, त्यात फाळणीचे लोंढे. त्या वेळी कायदा हवाच होता. पण भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलं गेलं, आणि मुदतवाढ घेत घेत तो तात्पुरता कायदा अर्धं शतक चालला. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की भाडं गोठवणारी ही कलमं आता वाजवी राहिलेली नाहीत. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत ती वाढ कशावर? त्याच गोठलेल्या भाड्यावर. पन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये.

मालकाने डागडुजी थांबवली. इमारती पडायला लागल्या तेव्हा सरकारने १९६९ मध्ये कायदा करून उपकर लावला आणि दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. आजही पावसाळा आला की धोकादायक इमारतींची यादी निघते. पण नुकसान तेवढंच नाही. नवीन चाळ बांधायची कुणाची छाती होईना. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा, आणि शहर ‘विकत घ्या, नाहीतर झोपडी टाका’ या दोनच रस्त्यांवर आलं.

पुढे जे जे सरकारी झालं ते सगळं मालकीचं. १९९५ ची झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना: मोफत घर, आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. म्हाडाची लॉटरी: मालकीची. बीडीडी चाळी, म्हणजे सरकार स्वतः घरमालक असलेली मोठी वसाहत, तिथेही आता ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. मिळाल्या याचा आनंदच आहे, शंभर वर्षं त्या लोकांनी सामायिक संडासात काढली. पण त्या १६० फुटांच्या खोलीत उद्या चोपड्याहून येणारा पोरगा राहू शकला असता, ती खोली गेली.

एकदा भाड्याच्या घरांचा प्रयत्न झाला. २००८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) योजना आणली: बिल्डरला जादा चटई क्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, बदल्यात १६० फुटांच्या खोल्या सरकारला, त्या स्वस्त भाड्याने द्यायच्या. पुढे काय? पनवेलजवळ कोनला बांधलेल्या खोल्या दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना विकायला काढल्या, २०१६ च्या सोडतीत २,४१७ घरं. कोविडमध्ये तिथे विलगीकरण केंद्र झालं. भाडेकरू काही आला नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात: मुंबईत भाडेकरूला नगरसेवक नाही. झोपडीवाल्याला आहे, सोसायटीवाल्याला आहे, बिल्डरला तर सगळेच आहेत. आपली पोरं तिथे दहा-दहा वर्षं राहतात आणि मतदार यादीत नाव असतं भडगाव, पारोळा, शिंदखेड्याच्या. मग त्यांच्यासाठी खोल्या कोण बांधेल?

पक्षांची नावं काढू नका. १९४७ पासून आजवर सगळे येऊन गेले.

---

नवीपेठकर (जळगाव)

दादा, इतिहास छान मांडलात, पण मालकाची बाजू दोन ओळींत उरकलीत. मी त्या बाजूचा आहे.

हा भाडेनियंत्रण कायदा फक्त मुंबईला नव्हता. खान्देश मुंबई इलाख्यातच होता, आपल्याकडच्या शहरांनाही तो लागला. आमचा जुन्या पेठेत वाडा आहे. खाली दोन दुकानं, वर तीन बिऱ्हाडं, सगळे आजोबांच्या काळचे. वरच्या एका बिऱ्हाडाचं महिन्याचं भाडं एका कचोरीच्या प्लेटपेक्षा कमी आहे. ते भाडेकरू स्वतः रामानंद नगरला बंगल्यात राहतात, इथे फक्त कुलूप आणि एक जुनी सायकल. मागे जिन्याची लाकडी पायरी तुटली तर नोटीस मलाच. सागवानी पायरी बसवायचा खर्च त्यांच्या कित्येक वर्षांच्या भाड्याएवढा झाला.

आता सांगा, माझा पिंप्राळा रोडला जो रिकामा फ्लॅट आहे तो मी का देऊ? वडिलांनी मरताना दोनच गोष्टी सांगितल्या, कोर्टाची पायरी चढू नको आणि भाडेकरू ठेवू नको. मुंबईतले ते ४.८ लाख कुलूपवाले माझ्यासारखेच असणार.

---

आकडेमोड (पुणे, मूळ फैजपूर)

नवीपेठकर, भीती खरी आहे पण कायदा बदललाय. १९९९ च्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सला (ठराविक मुदतीपुरता राहण्याचा परवाना) वेगळं कलम आहे, २४. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत घेता येते, दिवाणी दाव्यासारखी पिढ्यानपिढ्यांची भानगड नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. सगळे अकरा महिन्यांचा करतात.

खरं कारण परताव्याचं आहे. मुंबईत फ्लॅटच्या किमतीवर वर्षाला भाडं सुटतं दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. म्हणजे फ्लॅट घेणारा भाड्यासाठी घेतच नाही, भाव वाढेल म्हणून घेतो. मग भाडेकरूची कटकट कशाला? कुलूप बरं. ही कुलपं उघडायची तर रिकाम्या घरावर कर जास्त हवा. तो कुणी लावत नाही, कारण (दादांच्याच भाषेत) कुलूपवाल्याला नगरसेवक आहे.

---

लोकलचा_डबा (डोंबिवली, मूळ अमळनेर)

कायद्याचं चालू द्या. प्रत्यक्षातलं सांगतो.

मी आलो तेव्हा काळाचौकीला कॉट बेसिसवर होतो. एक खोली, सहा जण, तीन कॉट. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर. कॉटखाली प्रत्येकाची एक पेटी, पेटीला कुलूप, किल्ली करदोट्याला. पाणी पहाटे साडेचारला. बादल्यांवर ऑइलपेंटने नावं लिहिलेली, आणि नाव नसलेल्या बादलीत पाणी भरलं तर भांडण ठरलेलं. ती खोली एका कोकणातल्या गावाच्या मंडळाच्या ताब्यात होती, माझी वर्णी मित्राच्या ओळखीने लागली. हे बघण्यासारखं आहे. कोकणातल्या, घाटावरच्या कितीतरी गावांच्या मुंबईत अशा गावकीच्या खोल्या आहेत. गावचा पोरगा आला की निदान पाठ टेकायला जागा. आपण खान्देशी लोक उशिरा आलो. तेव्हा आपल्याकडे अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खान्देश मिल, धुळ्यालाही मिल. मुंबईला जायची गरजच कमी. आपल्या गिरण्या बसल्या आणि आपण निघालो तोवर तिकडच्या गिरण्याही १९८२ च्या संपानंतर बसल्या होत्या. आपल्या वाट्याला कल्याणच्या पुढचं आलं.

आता डोंबिवलीत वन आरके. अकरा महिने झाले की करार नवा, दलालाला पुन्हा एक महिन्याचं भाडं, पोलीस स्टेशनला पुन्हा कागद. पोराची शाळा मध्यात असली तरी मालक म्हणतो, भाचा येतोय राहायला. भाचा कधी येत नाही, जास्त भाडं देणारा येतो.

शिवाय ‘हेवी डिपॉझिट’ हा प्रकार माहीत आहे का? मालकाला पाच-सात लाख एकरकमी द्यायचे, भाडं नावाला. मालकाने त्या पैशांत दुकान टाकलं आणि ते बुडालं, की सोडताना डिपॉझिट मागत फिरा.

---

भो_ऐका (पारोळा)

आप्पा, खरं सांगस. मुंबईमा खोली भेटनी का पोऱ्याले पोरगीबी भेटस. फ्लॅट नही ते सोयरीक नही. आठे पोरीना बाप पहिले इचारस, ‘कल्याणना आलीकडे का पलीकडे?’

---

कळण्याची_भाकर (भुसावळ)

भो, हसू आलं, पण पोरींचंही ऐका.

मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. वडील लोको शेडमध्ये. बदली झाली की ट्रकमध्ये सामान, दुसऱ्या गावी दुसरं क्वार्टर. घरभाडं पगारातून कापलं जायचं, तेवढंच. गळती, झुरळं, डांबराचा वास सगळं होतं, पण ‘घर घ्यायचंय’ या चिंतेने आईबाबा कधी जागले नाहीत. निवृत्तीच्या वेळी जामनेर रोडला प्लॉट घेतला. भुसावळसारखं गाव अशा क्वार्टरांवर उभं राहिलं. मालकीशिवाय माणूस नीट जगू शकतो याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि आपणच ‘भाड्याने राहणं म्हणजे पैसा वाया’ म्हणतो.

मुंबईत एकटी मुलगी म्हणून खोली शोधली तेव्हाचे प्रश्न ऐका. लग्न कधी करणार? रात्री किती वाजता येता? मित्र येतात का? मटण-मासळी चालणार नाही. (आमच्या घरात तशीही शेवभाजी.) एका ठिकाणी आईवडिलांना घेऊन या म्हणाले. नोकरीचं पत्र, पगाराची स्लिप, सगळं माझ्या नावावर, आणि सही बाबांची हवी! नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत नंबर लागेपर्यंत नोकरी बदलून झाली. सरकारने मे २०२५ मध्ये नवीन गृहनिर्माण धोरण मंजूर केलंय, २००७ नंतर पहिल्यांदाच. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, नोकरदार महिला आणि विद्यार्थ्यांचाही विचार आहे. कागदावर चांगलं वाटतं. त्या ३५ लाखांतली भाड्याची किती, हे मला महत्त्वाचं.

---

खाकी_फाईल

मी एका महापालिकेत आहे, कुठल्या ते विचारू नका. धागाकर्त्यांचं ‘नगरसेवक नाही’ हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. नगरसेवक असून तरी काय करणार?

मुंबईचं घर कोणाच्या टेबलावर ठरतं ते बघा. झोपडपट्टी असेल तर एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), तेच तिथलं नियोजन प्राधिकरण. म्हाडाची वसाहत असेल तर २०१८ पासून परवानगी म्हाडाच देते. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) असेल तर एमएमआरडीए. बंदराची जमीन केंद्राची, रेल्वेची केंद्राची, मिठागरंही बरीचशी केंद्राची. उरलेल्या भागात महापालिका, तीही विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, आणि त्या नियमावलीवर शेवटची सही नगरविकास खात्याची. एसआरए, म्हाडा, एमएमआरडीए तिन्ही राज्य सरकारच्या हाताखाली. पालिका आयुक्त राज्याने पाठवलेला आयएएस अधिकारी, तोच खरा कारभारी. महापौर अडीच वर्षांचा, त्याच्या हातात सभा चालवणं आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ. १८८८ च्या कायद्यापासून घडी हीच आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, शहरांना अधिकार द्या म्हणते, पण काय द्यायचं ते राज्याच्या मर्जीवर ठेवते. आणि मंत्रालय आपल्या हातातली सोन्याची अंडी देणारी कोंबडी सोडेल का?

मुंबई पालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं, आणि ते मांडलं प्रशासकाने. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली ती संपलीच, त्यानंतर कित्येक वर्षं सभागृह बंद. आपल्याकडेही तेच झालं, जळगावची मुदत सप्टेंबर २०२३ ला संपली, धुळ्याची त्याच डिसेंबरात. त्या काळात गटार तुंबलं तर लोक कुणाकडे गेले? आमदाराकडे. म्हणजे गटारापासून धारावीपर्यंत सगळं एकाच दारात.

तेव्हा दादा, भाडेकरूला नगरसेवक मिळाला तरी घरांचं धोरण आमदार आणि मंत्र्यापाशीच अडणार. यादीत नाव हवं ते विधानसभेसाठी.

---

सुरतवाला_आप्पा (सुरत, मूळ नवापूर)

सगळे मुंबई मुंबई करताहेत. आमच्याकडचे कितीतरी लोक मुंबईला गेलेच नाहीत, ताप्ती लाइनने सुरतेला गेले. लिंबायत, उधना, पांडेसरा भागात फिरा, अहिराणी ऐकू येईल. लूम्सच्या जवळ खोल्यांच्या रांगा, खाली मालक, वर भाडेकरू. खोल्या काही राजवाडा नाहीत, पण चालत कामावर जाता येतं.

पण मुद्दा मतांचा. आमच्या लोकांनी तिथे रेशन कार्ड काढलं, मतदार यादीत नावं घातली. आज नवसारीचे खासदार सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्यातले. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील मराठी. महापालिकेत आपले नगरसेवक. दुसऱ्या राज्यात जाऊन हे झालं. आणि आपल्याच राज्याच्या राजधानीत खान्देशी माणूस कल्याणच्या पुढे लटकतोय. याला काय म्हणावं?

---

आकडेमोड

आप्पांचा मुद्दा घेऊन पुढे जातो, आणि खाकी_फाईल यांना थोडा विरोध.

झोपु योजनेत पात्रता कशी ठरली? १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव हवं. म्हणजे मतदार यादी हाच घराचा कागद झाला! पुढे तारीख २००० वर गेली, मग २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. तारखा पुढे का सरकल्या? कारण मधल्या काळात आलेल्यांची नावं यादीत आली होती. १९९५ च्या झोपडीतला जो भाड्याने राहत होता तो त्या झोपडीच्या यादीत असेल तरच टिकला, नाहीतर घर गेलं. धारावीतही तेच: २००० च्या आतला असेल तर धारावीतच ३५० फुटांचं मोफत घर, बाकीच्यांना बाहेर कुठेतरी. मतदार असणं आणि छप्पर असणं यांचा इतका सरळ संबंध दुसरीकडे क्वचितच दिसेल.

म्हणून दादांशी सहमत. पण फक्त यादीत नाव घालून भागणार नाही. भाडेकरू दर अकरा महिन्यांनी वॉर्ड बदलतो. कुठल्याही आमदाराला तो आपला वाटणार नाही. आधी करार लांब मुदतीचे व्हायला हवेत, मग मत. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा पुढे केला, पण तो राज्यांनी स्वीकारायचा आहे.

---

पांझरेचं_पाणी (धुळे)

घरकुलाचा विषय कुणीच काढला नाही, आश्चर्य आहे. की मुद्दाम?

मुंबईला नावं ठेवताना जळगाव विसरू नका. तेव्हाच्या नगरपालिकेने ११ हजारांवर घरकुलं बांधायची ठरवली, पुरी झाली ती दीड हजारांच्या आसपास. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या घरकुल गैरव्यवहारात ४८ जणांना दोषी ठरवलं, पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं. हुडकोच्या (घरबांधणीला कर्ज देणारी केंद्राची संस्था) कर्जाने पालिका वर्षानुवर्षं वाकली. सतरा मजली इमारतीत बसून रस्त्यांना खडी नाही अशी अवस्था. सरकार घर बांधायला निघालं की काय होतं त्याचा धडा आपल्या अंगणातच आहे. आता सरकारने भाड्याची घरं बांधावीत म्हणता, ती सांभाळणार कोण?

आणि पालिका घरमालक म्हणून कशी असते तेही जळगावकरांना विचारा. फुले मार्केटसकट कितीतरी संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ ला संपले. त्यानंतर भाडं किती, दंड किती, लिलाव करायचा की नाही यावर मोर्चे, कोर्ट, उपोषणं. दुकानाचं भाडं ज्यांना ठरवता येत नाही ते हजारो खोल्यांचं ठरवणार?

---

नवीपेठकर

गाळ्यांचं नाव काढलंत आणि माझा रक्तदाब वाढवलात. एवढंच म्हणतो, पांझरेचं पाणी बरोबर आहे.

---

गिरणाथडी

सगळ्यांचे आभार. सगळ्यांना उत्तर देत नाही, दोन-तीन गोष्टींवर बोलतो.

नवीपेठकर, तुमच्या वडिलांचा सल्ला त्या काळात शहाणपणाचाच होता. गोठवलेल्या भाड्याने मालक आणि भाडेकरू यांच्यात जे वैर पेरलं ते कायदा बदलून वीस-पंचवीस वर्षं झाली तरी जात नाही. कलम २४ ची माहिती असूनही तुम्ही कुलूप उघडणार नाही, हे मला दिसतंय.

पांझरेचं पाणी, घरकुलाचा दाखला मी उलटा वाचतो. ती योजनाही मालकीचीच होती. आकडा मोठा, कंत्राट मोठं, उद्घाटन मोठं, आणि नंतर जबाबदार कुणी नाही. मालकीच्या योजनेत सरकारचं काम चावी दिली की संपतं, म्हणून ती पुढाऱ्यांना आवडते. भाड्याच्या घरात दर महिन्याला नळ गळतो, दर महिन्याला कुणीतरी येऊन शिव्या देतो. रेल्वेने भुसावळला ते करून दाखवलं, ताईंनी लिहिलंच आहे, कारण रेल्वेला ड्रायव्हर हवा होता आणि तो शेडजवळ हवा होता. ज्याला कामगाराची गरज आहे त्याने खोली द्यावी, ही जुनी रीत होती. बीकेसीतल्या कंपन्यांना रात्रीचे सुरक्षारक्षक आणि सफाईवाले हवेत, पण ते झोपतात कुठे हे त्या विचारत नाहीत, आणि परवानगी देताना सरकारही विचारत नाही. इतके हजार चौरस मीटर ऑफिस बांधलं तर इतक्या भाड्याच्या खोल्या त्याच परिसरात बांधा, एवढी अट का नसावी?

खाकी_फाईल, विधानसभेचं पटलं. मग उलट जास्तच गरज आहे. आपल्याकडे मतदानाच्या वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. ग्रामपंचायतीला एक-एक मत मोलाचं, म्हणून उमेदवार कल्याणला, सुरतेला गाड्या पाठवतो, येता-जाता जेवण. पोरगंही खूश, आईची भेट होते. पण पाच वर्षांत पाणी, खोली, लोकल, शाळा सगळं ज्या शहरात भोगायचं तिथे आपण कुणीच नाही.

---

भो_ऐका

दादा, नाव काढी टाकं ते सरपंचकीले आमना पॅनल पडी जाई ना. काका उभा ऱ्हास. मत नही दिधं ते बांधवर भांडण.

---

कळण्याची_भाकर

हेच खरं कारण. बांध! मुंबईतला अकरा महिन्यांचा करार कुणाला आपला वाटणार? शेताचा बांध मात्र जन्मभराचा. मी स्वतः मतदार यादीतलं नाव गावाहून हलवून घेतलं तेव्हा काकूंनी विचारलं, ‘म्हणजे आता तू इकडची नाहीस का?’ सातबाऱ्यावर नाव आहे काकू, मतदार यादीत नसलं तरी शेत कुठे जात नाही.

---

खाकी_फाईल

या गैरसमजाबद्दल लिहायलाच हवं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात निकष आहे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता कुठे हा. नुसतं एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, असं कलम २० मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने डोंबिवलीत भाड्याने राहणारा डोंबिवलीचा मतदार, गावचा वाडा असला तरी. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. पालिकेची निवडणूकही विधानसभेच्याच यादीवर होते. जमीन, सातबारा, वारसा याचा मतदार यादीशी काडीचा संबंध नाही.

नवीन मतदाराला फॉर्म ६. आधीपासून कुठेतरी नाव आहे आणि राहण्याचं ठिकाण बदललं, तर फॉर्म ८. ऑनलाइन भरता येतो. पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, वीजबिल, आणि भाडेकरूसाठी नोंदणीकृत भाडेकरार चालतो.

---

लोकलचा_डबा

फॉर्म ८ उघडला. आधारवर अमळनेर, पासबुकवर अमळनेर, वीजबिल मालकाच्या नावावर. उरला करार. आमच्या मालकाने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलाय, रजिस्टर केलेला नाही. विचारलं तर म्हणाला कशाला खर्च, आपण घरचेच आहोत.

---

आकडेमोड

घरचे असोत की बाहेरचे, कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे त्याला हळूच सांगा. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते, खर्च निम्मा-निम्मा करा म्हणा.

---

लोकलचा_डबा

सांगितलं. ‘बघू’ म्हणाला, आणि अर्ध्या तासाने फोन केला की पुढच्या महिन्यात भाचा येतोय.

तर मंडळी, डोंबिवली पूर्व किंवा ठाकुर्लीला कुणाच्या ओळखीत वन आरके असेल तर कळवा. दलाल नको, हेवी डिपॉझिट नको, करार रजिस्टर करणारा मालक हवा. पोराची सहामाही परीक्षा चालू आहे, शाळा बदलता येणार नाही.

---

भो_ऐका

डोंबिवलीले आमना मामाना पोऱ्या से, इचारस.